इंग्रजी उच्चारातील पदसंधी : एक ऐतिहासिक विवेचन

इंग्रजी भाषेच्या इतिहासावरील कोणताही प्रमाणग्रंथ उघडून पाहिला असता दीर्घ स्वरांच्या परिवर्तनास त्यात एक संपूर्ण प्रकरण दिलेले आढळते. परंतु वाक्यात एक पद दुसऱ्या पदाला जोडले जाताना काय घडत आले, ह्याविषयी दोनचार विखुरलेल्या टिपांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ह्या उपेक्षेचे कारण विषयाच्या क्षुद्रतेत नसून लेखनाच्या पद्धतीत आहे. इंग्रजी लेखन प्रत्येक पदाच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडते, आणि वाचणाऱ्याची अशी समजूत होते की बोलणाराही तशीच जागा सोडीत असला पाहिजे. संस्कृताच्या अभ्यासकाची स्थिती नेमकी उलट असते. त्याच्यापुढे येते ती संहिता, म्हणजे परस्परांस चिकटलेल्या पदांचा अखंड प्रवाह; त्यातून सुटी पदे काढण्यासाठी शाकल्यासारख्या आचार्याला ऋग्वेदाचा पदपाठ स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागला. ही परिभाषा वापरावयाची तर असे म्हणता येईल की इंग्रजीचे सर्व लिखित वाङ्मय हा एक प्रचंड पदपाठ आहे आणि त्याची संहिता मात्र कोणी लिहून ठेवलेली नाही. ती शोधून काढावयाची कशी, हा इतिहासकारापुढील पहिला प्रश्न होय.

ह्या कामी सर्वांत विश्वसनीय साक्ष मिळते ती चुकांची. दोन पदांमधील सांधा जेथे चुकीच्या ठिकाणी तोडला गेला आणि ती चूक पुढे भाषेत रूढ झाली, तेथे तो सांधा कानाला ऐकू येत नव्हता असे निश्चयाने म्हणता येते. इंग्रजीतील अनिश्चित उपपद हे मूळचे ‘एक’ ह्या अर्थाचे संख्यावाचक होय. प्राचीन इंग्रजीत त्याच्या अंती सर्वत्र न् होता. १२ व्या शतकापासून हा न् व्यंजनादि पदापूर्वी गळू लागला आणि स्वरादि पदापूर्वी टिकून राहिला. ‘माझा’ ह्या अर्थाच्या ‘माइन’चेही तेच झाले : व्यंजनापूर्वी ‘माय’, स्वरापूर्वी ‘माइन’. आता ज्याने एखादा शब्द प्राधान्याने उपपदासह ऐकला असेल, त्याला ऐकू आलेला न् उपपदाचा की नामाचा हे कशावरून कळावे? पुष्कळदा ते कळले नाही. सापाच्या एका जातीचे प्राचीन नाव ‘नॅडर’ असे होते. जर्मन भाषेत तो न् आजही शाबूत आहे. इंग्रजीत ‘अ नॅडर’चे ‘ॲन ॲडर’ झाले आणि साप आपल्या पहिल्या वर्णास मुकला. फ्रेंचातून आलेल्या ‘नेपरन’चे ‘एप्रन’ झाले, त्याच घराण्यातील ‘नॅपकिन’ने मात्र आपला न् सांभाळला. सुताराच्या गिरमिटाला इंग्रजीत ‘ऑगर’ म्हणतात, त्याच्याही आरंभी पूर्वी न् होता. क्रिकेटच्या मैदानावरचा ‘अंपायर’ तर मुळात ‘नूंपेर’, म्हणजे जोडीत न बसणारा, दोघांव्यतिरिक्तचा तिसरा. पंचाच्या कामाचे हे वर्णन मोठे अचूक होते, पण न् जाताच त्याचा अर्थही झाकला गेला.

उलट दिशेनेही अशीच देवघेव झालेली आहे. ‘एव्ट’ नावाच्या पाणसरड्यासारख्या प्राण्याला उपपदाचा न् चिकटून ‘न्यूट’ झाला. ‘एक-नेम’ म्हणजे अधिकचे नाव. त्यापासून १५ व्या शतकात ‘निकनेम’ तयार झालेले दिसते. ‘माइन’च्या न्-मुळे एडवर्डचा नेड, एलेनची नेल आणि ॲनची नॅन झाली. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये विदूषक राजाला वारंवार ‘नंकल’ म्हणतो, तोही ‘माइन अंकल’चाच तुकडा होय. ह्या प्रकाराला ओटो येस्पर्सेन ह्या डॅनिश पंडिताने १९१४ मध्ये एक स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले. मराठीत आपण त्यास ‘पदच्छेदविपर्यास’ म्हणू.

येथे एका लोकप्रिय उदाहरणाविषयी सावध राहिले पाहिजे. ‘ऑरेंज’ हा शब्द ‘अ नॉरेंज’पासून झाला असे वर्गात पुष्कळदा सांगितले जाते. संस्कृत नारङ्ग, फारसी नारंग, अरबी नारंज आणि आपले नारिंग ह्या सर्वांत न् आहे हे खरे. परंतु तो इटली-फ्रान्सकडील भाषांतच गळून गेला होता आणि इंग्रजीत हा शब्द आला तो न्-शिवायच आला. विपर्यास झाला असेल तर तो रोमान्स भाषांच्या उपपदामुळे. इंग्रजीच्या उपपदाकडे त्याचे श्रेय जात नाही.

पदच्छेदविपर्यास केवळ न्-पुरता मर्यादित नव्हता. ससेक्समधील राय ह्या गावाच्या नावातील र हा ‘त्या बेटावर’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दसमूहातील दर्शकाचा अंत्य वर्ण आहे. मूळ नामात तो नव्हता. लंडनमधील टूली स्ट्रीटचा ट हा ‘सेंट ओलेव्ह’मधील ‘सेंट’चा अंत्य वर्ण. ईली येथील सेंट ऑड्रीच्या जत्रेत विकल्या जाणाऱ्या रेशमी फितींवरून ‘टॉड्री’ म्हणजे भडक व हलका हे विशेषण रूढ झाले. तेथेही संतपदाचा ट् नावात शिरला आहे. संताचे नाव हलक्या मालाला मिळावे हा दैवदुर्विलास खराच, पण ध्वनीच्या दृष्टीने घडले ते अगदी नियमानुसार.

ह्या साक्षीची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. अनेकवचनात किंवा निश्चित उपपदानंतर हीच नामे येत, तेव्हा त्यांचा खरा आदिवर्ण स्पष्ट होत असे. म्हणून विपर्यास सर्व शब्दांचा झाला नाही, आणि ज्यांचा झाला त्यांची जुनी व नवी रूपे दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदली. सांधा ऐकू येत नव्हता एवढेच ह्या उदाहरणांवरून सिद्ध होते. तो सर्वत्र तुटत होता असे नव्हे.

अप्रत्यक्ष साक्षींच्या ह्या राशीत एक प्रत्यक्ष साक्षीदारही आहे. १२ व्या शतकात ऑर्म नावाच्या एका धर्मोपदेशकाने लिंकनशायरच्या बोलीत पद्यमय प्रवचनांचा मोठा ग्रंथ रचला. त्याचे एकमेव हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. काव्य म्हणून त्या ग्रंथाची थोरवी कोणीच गात नाही. परंतु ऐकणाऱ्यांच्या कानी शब्द बिनचूक पडावा ह्या तळमळीने ऑर्मने स्वतःची लेखनपद्धती बसविली. ऱ्हस्व स्वरानंतरचे व्यंजन तो दुहेरी लिहितो. ह्यापेक्षाही आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ‘तू’, ‘तो’, ‘ते’ अशा अर्थाच्या ज्या सर्वनामांच्या आरंभी थकारसदृश घर्षक वर्ण येतो, ती सर्वनामे ट् किंवा ड् अंती असलेल्या पदानंतर आली की तो त्या वर्णाच्या जागी ट् लिहितो. म्हणजे पूर्वपदाच्या अंत्य वर्णाने उत्तरपदाच्या आदिवर्णाला आपल्यासारखे करून घेतले. संस्कृत वैयाकरण ज्याला व्यंजनसंधी म्हणतील तोच हा. ऑर्मने अजाणता संहिता लिहिली. त्याचा कित्ता पुढे कोणी गिरविला नाही, आणि मुद्रणकलेच्या आगमनानंतर प्रमाण लेखन स्थिरावत गेले तसतशी पदपाठाची पकड अधिकच घट्ट झाली.

१८ व्या शतकात चित्र पालटते. आता साक्षीदार पुष्कळ आहेत, पण ते बहुतेक सर्व फिर्यादीच्या बाजूचे आहेत. जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये ‘टॅटलर’ पत्रात ‘कान्ट’, ‘शान्ट’ ह्यांसारख्या संक्षेपांवर कडाडून टीका केली. शब्दांची टोके छाटण्याचा हा प्रकार त्याला भाषेच्या ऱ्हासाचे लक्षण वाटला. त्या टीकेचा व्यवहारावर परिणाम शून्य झाला, पण इतिहासकाराला तिचा उपयोग मोठा आहे, कारण जे नाही त्याविरुद्ध कोणी ओरडत नाही. उच्चारातील सांध्याकडे असभ्यता किंवा आळस म्हणून पाहण्याची दृष्टी ह्या काळात पक्की झाली आणि शालेय अध्यापनातून ती आपल्याकडेही आली.

ह्याच शतकात र् ह्या वर्णाची कथा सुरू होते, आणि इंग्रजी पदसंधीच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग हाच आहे. बेन जॉन्सनच्या १६४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याकरणात शब्दारंभीचा र् दृढ आणि मध्यान्तीचा अधिक पातळ असा भेद केलेला आहे. फ्रेंच वाचकांसाठी इंग्रजी उच्चाराचे पुस्तक लिहिणाऱ्या मेदर फ्लिंटला १७४० मध्ये व्यंजनापूर्वीचा र् अनेक शब्दांत दुबळा झालेला ऐकू आला. जॉन वॉकरने १७९१ च्या आपल्या उच्चारकोशात लंडनच्या बोलीविषयी असे नोंदविले की ‘बार्ड’, ‘कार्ड’ अशा शब्दांतील र् इतका मऊ झाला आहे की तो जवळजवळ पूर्वीच्या आकाराचे लांबविलेले रूपच वाटावा. दक्षिण इंग्लंडात पुढे हा र् व्यंजनापूर्वी आणि विरामापूर्वी पूर्णपणे लोपला. स्वरापूर्वी मात्र तो राहिला. ‘फार’ हे पद एकटे उच्चारले तर ‘फाऽ’, पुढे ‘अवे’ आले की ‘फारवे’.

येथपर्यंतची हकीकत उपपदाच्या न्-सारखीच आहे : व्यंजनापूर्वी लोप, स्वरापूर्वी रक्षण. पण पुढची पायरी वेगळी पडली. न्-चा लोप थोड्या शब्दांपुरता होता, म्हणून ऐकणाऱ्याचा गोंधळ एकेका नामापुरता राहिला. र्-चा लोप मात्र सबंध भाषाभर झाला. त्यामुळे ज्या पदांच्या अंती पूर्वी र् होता ती आणि ज्यांच्या अंती कधीच नव्हता ती, अशी दोन्ही एकाच स्वरात संपू लागली. ‘स्पार’ आणि ‘स्पा’ ह्यांचे उच्चार सारखेच झाले. नवीन पिढीतील मुलाच्या कानावर काय पडत होते? काही स्वरान्त पदे पुढे स्वर आला की र् घेतात. र् कोठे लोपला हे त्याला ठाऊक नव्हते. ते स्पेलिंगमध्ये होते, आणि मूल बोलावयास शिकते ते स्पेलिंगवरून नव्हे. त्याने जो नियम बांधला तो लोपाचा नव्हता. आगमाचा होता : अशा स्वरानंतर दुसरा स्वर आला की मध्ये र् घालावा. हा नियम एकदा बनला की ‘लॉ अँड ऑर्डर’चे ‘लॉरन् ऑर्डर’ होणे क्रमप्राप्तच. ऐतिहासिक नियम असा उलटा कसा होतो ह्याची सैद्धान्तिक मांडणी टेओ फेनेमान ह्यांनी १९७२ मध्ये केली आणि तीत इंग्रजी र्-ला उदाहरणाचा मान मिळाला.

ह्या आगमाचा फार जुना उल्लेख टॉमस शेरिडनच्या १७६२ च्या व्याख्यानांत सापडतो. लंडनचे सामान्य लोक ‘बेलिंडा’ला ‘बेलिंडर’ करतात अशी त्याची तक्रार होती. शेरिडन आयरिश होता आणि स्विफ्टचा धर्मपुत्रही होता. तेव्हा त्याचा कान र्-च्या बाबतीत तिखट असावा आणि जीभ तक्रारीच्या बाबतीत, ह्यात नवल नाही. पण ही खोड केवळ अशिक्षितांची आहे ही समजूत पुढे टिकू शकली नाही. हेन्री स्वीट ह्या थोर ध्वनिशास्त्रज्ञाने १८९० मध्ये स्पष्टपणे लिहिले की दक्षिण इंग्लंडातील बहुसंख्य सुशिक्षित लोक जलद बोलताना ‘आयडिआ ऑव्ह’ आणि ‘इंडिया ऑफिस’ ह्यांच्या मध्ये र् घालतात, आणि आपण तो घालतो हे त्यांचे त्यांनाच माहीत नसते. हिंदुस्थानचा राज्यकारभार ज्या कचेरीतून चाले, तिचे नाव तिचेच अधिकारी ‘इंडियर् ऑफिस’ असे उच्चारीत असावेत, ही कल्पना मनोरंजक आहे. पण स्वीटच्या नोंदीचे खरे महत्त्व तिच्या दुसऱ्या भागात आहे. वक्त्याला स्वतःच्या उच्चाराविषयी जे वाटते ते प्रमाण मानावयाचे नाही, हा आधुनिक ध्वनिविचाराचा पाया त्यात घातला गेला.

तरीही शास्त्रीय परिभाषेत न्यायाधीशाचा सूर राहिलाच. मूळच्या र्-ला ‘सांधणारा’ आणि सादृश्याने आलेल्या र्-ला ‘घुसखोर’ अशी नावे पडली, आणि ती आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. डॅनियल जोन्सने १९१७ च्या आपल्या उच्चारकोशात मूळच्या र्-साठी तारकाचिन्ह वापरले; ‘फार’च्या पुढे तारा आहे, ‘आयडिआ’च्या पुढे नाही. बोलणाऱ्याच्या मुखात ह्या दोहोंत काहीही भेद नसतो. भेद आहे तो स्पेलिंगात. आपल्या वैयाकरणांच्या परंपरेत आगमाला मित्राची आणि आदेशाला शत्रूची उपमा देतात, कारण आगम कोणाला न हटविता शेजारी येऊन बसतो. इंग्रजीने ह्याच पाहुण्याला घुसखोर ठरविले, ह्यावरून दोन परंपरांची वृत्ती कळते. पालीतही दोन स्वरांच्या मध्ये र्, म्, द्, य् अशी व्यंजने येतात. त्यांपैकी काही पूर्वीच्या अंत्य व्यंजनांचे अवशेष आहेत आणि काही त्यांच्या सादृश्याने झालेले विस्तार. इंग्रजी र्-ची प्रक्रिया ह्याहून निराळी नाही. स्कॉटलंड, आयर्लंड आणि उत्तर अमेरिकेचा बहुतेक भाग येथे र् लोपलाच नाही, म्हणून तेथे हा आगमही सामान्यतः आढळत नाही. कारण आणि कार्य ह्यांचा इतका स्वच्छ मेळ भाषेच्या इतिहासात क्वचितच पाहावयास मिळतो.

आता सिद्धान्ताच्या इतिहासाकडे वळू. १८७७ च्या ध्वनिशास्त्रावरील पुस्तकात स्वीटने असे प्रतिपादन केले होते की बोलण्यात खरा खंड पडतो तो श्वासाच्या गटांमध्ये. एका गटातील पदे परस्परांपासून विरामाने वेगळी केलेली नसतात. पद ही अर्थाची वस्तू आहे, ध्वनीची नव्हे. पाश्चात्त्य विद्येत हे मत धाडसाचे होते. पाणिनीच्या वाचकाला मात्र ते परिचित वाटावे, कारण वर्णांच्या अत्यंत सान्निध्याला संहिता म्हणावे ही पाणिनीची व्याख्या विरामाच्या अभावावरच उभी आहे. लिओनर्ड ब्लूमफील्ड ह्यांनी १९३३ च्या आपल्या प्रमुख ग्रंथात ‘संधी’ हा शब्दच इंग्रजीत घेतला, आणि उपपदाच्या दोन रूपांपासून ‘डिड यू’चे ‘डिज्यू’ होण्यापर्यंतची उदाहरणे त्याखाली आणली. फर्थ १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९४८ मध्ये इंग्रजीतील सांधणाऱ्या र्-सारखे वर्ण एकेका पदाचे घटक न मानता जोडणीचीच लक्षणे मानावीत असा विचार मांडला. त्यांच्या परंपरेतील डब्ल्यू. एस. ॲलन ह्यांनी १९५३ मध्ये प्राचीन भारतीय ध्वनिविचारावर आणि १९६२ मध्ये खुद्द संस्कृत संधीवर ग्रंथ लिहिले. म्हणजे इंग्रजीच्या अभ्यासकांना स्वतःच्या उच्चारातील सांध्याला नाव मिळाले ते संस्कृत व्याकरणातून.

ह्या गोष्टीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर एक फरक नजरेआड होईल. संस्कृत संधी आपण पाहतो तो लिहिलेल्या, संस्कारित आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेल्या वाङ्मयात. इंग्रजीतील संधी वक्त्याच्या गतीवर, प्रसंगावर आणि श्रोत्याशी असलेल्या संबंधावर अवलंबून राहतो. ‘ॲन ॲपल’ कोणत्याही गतीने म्हटले तरी न् राहणारच. ‘डोन्ट यू’चे ‘डोन्च्यू’ मात्र न्यायालयात टळेल आणि घरी होईल. आपल्या वैयाकरणांनीही एका पदात, उपसर्ग व धातू ह्यांच्यामध्ये आणि समासात संधी नित्य, पण वाक्यात तो विवक्षेवर अवलंबून, असा भेद केलेलाच होता. माझ्या मते इंग्रजीच्या वर्णनाला संधी ह्या नावापेक्षाही ह्या भेदाचा उपयोग अधिक आहे, आणि पाश्चात्त्य ग्रंथांत तो पुरेसा वापरला गेलेला नाही.

स्वीटच्या मताला उत्तर मिळाले ते त्याच्याच परंपरेतून. जोन्सने १९३१ मध्ये पद ही काही अंशी ध्वनीचीही वस्तू आहे असा पक्ष मांडला. ‘अ नेम’ आणि ‘ॲन एम’ ह्यांतील वर्णमालिका एकच असली तरी सांध्याची जागा उच्चारात काही खूण ठेवते. इल्झे लेहिस्ते ह्यांनी १९६० मध्ये यंत्राच्या साह्याने अशा जोड्या मोजल्या, तेव्हा पदारंभीच्या व्यंजनाची लांबी आणि पदारंभीच्या स्वरापूर्वी कंठात होणारी घट्ट हालचाल ह्यांत ती खूण सापडली. ओकॉनर आणि टूली ह्यांनी १९६४ मध्ये ऐकणाऱ्यांना ही सीमा कितपत ओळखता येते ह्याची परीक्षा घेतली. ह्या कामाच्या प्रकाशात न्यूट आणि ॲडर ह्यांचा इतिहास पुन्हा वाचला पाहिजे. खूण अस्तित्वात आहे पण क्षीण आहे. सावकाश बोलण्यात ती उमटते, घाईत पुसली जाते. ती मुळीच नसती तर शेकडो नामांचे विपर्यास झाले असते. ती ठळक असती तर एकाचाही झाला नसता. इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेली मूठभर उदाहरणे ह्या दोन टोकांच्या मधल्या स्थितीशी बरोबर जुळतात.

मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी ऐकून समजण्यात जी अडचण येते, तिचे मूळही बऱ्याच अंशी येथेच आहे. तो पदपाठ शिकलेला असतो आणि त्याच्या कानावर संहिता येते. र् तो सर्वत्र उच्चारतो, कारण त्याने तो अक्षरात पाहिलेला असतो. म्हणून ‘फाऽ’ त्याला अपुरे वाटते आणि ‘लॉरन्’ अनाकलनीय. वस्तुतः त्याच्या स्वतःच्या बोलण्यात असे सांधे विपुल आहेत. ‘येतो आहे’चे ‘येतोय’ आणि ‘कुठे आहे’चे ‘कुठंय’ तो दिवसातून कितीदा तरी म्हणतो. कथा-कादंबऱ्यांतील संवादांत ही रूपे छापलीही जातात. परंतु आपल्या शालेय व्याकरणांतील संधिप्रकरण तत्सम शब्दांपुरतेच असते, आणि ‘येतोय’ला त्यात स्थान नाही. ह्या मराठी सांध्यांची इंग्रजीशी तुलना केली असता एक गोष्ट विशेष लक्षात येते. जुन्या इंग्रजी लेखनात ‘इट इज’चा संक्षेप ‘टिज’ असा होई, म्हणजे सर्वनाम झिजून क्रियापदाला चिकटे. १७ व्या आणि १८ व्या शतकांत त्याची जागा ‘इट्स’ने घेतली, आता क्रियापद झिजून सर्वनामाला चिकटले. झीज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली. मराठीत ‘आहे’ वाक्याच्या अंती येते, त्यामुळे त्याला कलण्यास डावी बाजू तेवढी मोकळी असते, आणि ‘येतोय’, ‘कुठंय’, ‘कायै’ ह्या सर्वांत ते तिकडेच कलले आहे.